तिसरा जॉर्ज राजा व त्याचें घर

इंग्लंडच्या राजघराण्यांतील जन्म, विवाह व मृत्यु यांच्या तारखा पाठ असणारे लोक पुष्कळ आढळतात, आणि त्या घराण्यांतील भानगडी चवीनें सांगणारे तर त्याहूनही पुष्कळ आढळतात. ह्या दोहोंपैकीं एकाचीही हौस पुरविण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु एका राजाच्या आयुष्यांत ह्या तारखा व ह्या भानगडी एकमेकींत अशा गुंतल्या आहेत कीं, त्या क्रमानें लावून पाहिल्या असतां प्रत्येक आईबापानें विचार करावा असा एक प्रश्न पुढें उभा राहतो. तो प्रश्न हा कीं, बाप स्वतः सदाचरणी असला व आपलें घरही तसेंच राहावें अशी त्याची मनापासून इच्छा असली, तर तेवढ्यानें घर चांगलें राहतें काय? तो राजा म्हणजे इंग्लंडचा तिसरा जॉर्ज होय. त्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

हें घराणें मूळचें जर्मनींतील हॅनोव्हर येथील. इंग्लंडची गादी प्रॉटेस्टंट वारसाकडेच जावी असें १७०१ च्या कायद्यानें ठरलें होतें. त्यामुळें १७१४ सालीं हॅनोव्हरचा अधिपति हा पहिला जॉर्ज या नांवानें इंग्लंडचा राजा झाला. तो लंडनास आला तेव्हां त्याच्याबरोबर राणी नव्हती. सोफिया डोरोथिया ही त्याची बायको. तिचा एका सरदाराशीं संबंध उघडकीस आल्यावरून १६९४ सालीं त्यानें तिच्याशीं काडीमोड केली व तिला आल्डन येथील वाड्यांत अटकेंत ठेविलें. तेथें ३० वर्षांहून अधिक काळ काढून ती १७२६ सालीं मरण पावली. नवऱ्याचें स्वतःचें वर्तन शुद्ध होतें असेंही नव्हे. परंतु शिक्षा झाली ती बायकोस मात्र. अशा रीतीनें आईवेगळा झालेला मुलगा पुढें दुसरा जॉर्ज झाला. बापलेकांचें इतकें बिनसलें कीं, १७१७ सालीं बापानें त्यास राजवाड्यांतून घालवून दिलें आणि नातवंडें मात्र आपल्याजवळ ठेवून घेतलीं. हें दुःख ज्यानें स्वतः भोगलें, त्यानेंच राजा झाल्यावर १७३७ सालीं आपला थोरला मुलगा फ्रेडरिक यास तसेंच राजवाड्याबाहेर काढलें. फ्रेडरिक लंडनांतील नॉर्फोक हाउस या घरांत जाऊन राहिला, आणि तेथें ४ जून १७३८ रोजीं आमचा चरित्रनायक जन्मास आला. दुसऱ्या घराण्यांत वारशानें जमीनजुमला येतो, ह्या घराण्यांत त्याबरोबर बापलेकांची तेढही वारशानें येत होती.

जॉर्ज लहानपणीं लाजाळू पण कष्टाळू होता. १७५१ च्या मार्च महिन्यांत त्याचा बाप अकस्मात् वारला आणि हा बारा वर्षांचा मुलगा आजाच्या गादीचा वारस झाला. आई ऑगस्टा हिनें त्यास दरबारच्या चालीरीतींपासून होईल तितकें दूर ठेवून कडक शिस्तींत वाढविलें. लॉर्ड ब्यूट नांवाचा स्कॉच उमराव त्याचा गुरु होता व त्याजवर जॉर्जचा पूर्ण विश्वास होता. एकविसाव्या वर्षीं जॉर्जचें मन लेडी सेरा लेनॉक्स नांवाच्या एका सुंदर तरुणीवर जडलें. परंतु भावी राजास ही सोयरीक योग्य नाहीं असें ब्यूटनें सांगतांच त्यानें तो विचार सोडून दिला. ही गोष्ट लहान आहे, तरी वाचकांनीं ती ध्यानांत ठेवावी. कर्तव्यासाठीं आपण आपलें मन मारलें तसें इतरांसही मारतां आलें पाहिजे, अशी त्याची समजूत झाली असावी असें त्याच्या पुढील वागण्यावरून आम्हांस वाटतें.

२५ ऑक्टोबर १७६० रोजीं आजा मरण पावला व २२ वर्षांचा जॉर्ज गादीवर बसला. पुढच्या वर्षीं ८ सप्टेंबर रोजीं मेक्लेनबुर्ग-स्ट्रेलिट्झ येथील १७ वर्षांची राजकन्या शार्लट हिच्याशीं त्याचें लग्न झालें. वधूवरांनीं एकमेकांस प्रथम पाहिलें तें लग्नाच्याच दिवशीं, आणि त्या लग्नांत करवल्या होत्या त्यांत लेडी सेराही होती. दोन आठवड्यांनीं, २२ सप्टेंबर रोजीं, राज्याभिषेक झाला. त्या विधींत प्रभुभोजन घेतांना राजानें डोक्यावरचा मुकुट उतरवून ठेविला. राजा असलों तरी देवापुढें आपण इतरांसारखेच, हा भाव त्याच्या ठायीं शेवटपर्यंत होता.

ज्या लग्नाचा आरंभ असा झाला तें लग्न ५७ वर्षें टिकलें. पहिल्या दोन्ही जॉर्जांनीं उघडपणें परस्त्रिया बाळगिल्या होत्या. ह्या राजानें आपल्या राणीवांचून दुसऱ्या स्त्रीकडे पाहिलें नाहीं. त्यांस पंधरा अपत्यें झालीं, नऊ मुलगे व सहा मुली. १७६१ सालीं राजानें राणीसाठीं बकिंगहॅम हाउस विकत घेतलें. तेंच पुढें वाढवून आजचा राजवाडा झाला आहे. त्याचें खाणेंपिणें साधें असे. सकाळीं लवकर उठावें, प्रार्थना करावी, दरबारचे कागद पाहावे, विंडसर येथील शेतांवर फिरावें, रात्रीं हँडेल या गायनशास्त्र्याचें संगीत ऐकावें, असा त्याचा क्रम होता. शेतीवर त्यानें टोपण नांवानें एका मासिकांत लेख लिहिले, आणि लोक त्यास शेतकरी जॉर्ज म्हणूं लागले. त्यानें जमविलेले सुमारें ६५,००० ग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. अमेरिकेंतील वसाहती त्याच्याच कारकीर्दींत गेल्या, त्याबद्दल त्याजवर कोणी कितीही दोष ठेवो. नवरा या नात्यानें त्याजवर दोष ठेवितां येत नाहीं.

परंतु त्याच्या भावंडांची गोष्ट निराळी होती. धाकटा भाऊ हेन्री, कंबरलंडचा ड्यूक, याजवर १७७० सालीं एका लॉर्डानें आपली बायको बिघडविल्याबद्दल फिर्याद केली व कोर्टानें १०,००० पौंडांची भरपाई ठरविली. ते पैसे भरण्यास राजासच हातभार लावावा लागला. पुढच्याच वर्षीं ह्या भावानें राजास न विचारतां अ‍ॅन हॉर्टन नांवाच्या एका विधवेशीं लग्न केलें. राजानें त्यास दरबाराचा दरवाजा बंद केला. हें दुःख ताजें आहे तोंच १७७२ च्या जानेवारींत डेन्मार्कहून भयंकर बातमी आली. राजाची सर्वांत धाकटी बहीण कॅरोलाइन मटिल्डा पंधरा वर्षांची असतांना तेथील सातव्या ख्रिश्चन राजास दिलेली होती. नवरा वेडसर निघाला. राज्याचा कारभार स्ट्रूएनझे नांवाच्या वैद्याच्या हातीं गेला, आणि एकटी पडलेली राणीही त्याच्या नादीं लागली. दोघांस कैद झाली. राणीची काडीमोड झाली व वैद्याचा शिरच्छेद झाला. जॉर्जनें जहाजें पाठवून बहिणीस सोडविलें, पण तिला इंग्लंडांत न आणितां जर्मनींतील त्सेले या गांवीं ठेविलें. आपल्या दोन मुलांस ती पुन्हां पाहूं शकली नाहीं. १७७५ च्या मे महिन्यांत, २३ वर्षांची असतां, ती तेथेंच वारली. तिचें प्रेत ज्या देवळाच्या तळघरांत ठेविलें आहे, तेथेंच तिची पणजी सोफिया डोरोथिया हीही विसावली आहे.

त्याच १७७२ च्या फेब्रुवारींत राजाची आई वारली. अशा मनःस्थितींत राजानें पार्लमेंटाकडे एका कायद्याची मागणी केली, व १ एप्रिल १७७२ रोजीं तो मंजूर झाला. ह्यास राजघराण्याच्या विवाहांचा कायदा म्हणतात. त्याचें मुख्य कलम असें होतें कीं, दुसऱ्या जॉर्ज राजाच्या वंशांतील कोणीही राजाच्या संमतीवांचून लग्न केल्यास तें लग्न रद्द समजावें. परदेशच्या घराण्यांत दिलेल्या राजकन्यांची संतति मात्र ह्यांतून वगळली होती. २५ वर्षांवरील माणसास एवढीच सवलत होती कीं, प्रिव्ही कौन्सिलास नोटीस देऊन एक वर्ष थांबावें, आणि तेवढ्यांत पार्लमेंटाच्या दोन्ही सभांनीं हरकत घेतली नाहीं तर लग्न करावें. असें चोरटें लग्न लावण्यास मदत करणाऱ्यासही शिक्षा होती. कायदा होऊन सहा महिने झाले नाहींत तोंच दुसरा भाऊ विल्यम, ग्लॉस्टरचा ड्यूक, यानें कबूल केलें कीं, आपण १७६६ सालींच एका विधवा काउंटेसशीं गुप्तपणें विवाह केला आहे. ज्या भावावर राजाचा सर्वांत अधिक लोभ होता तोच हा. सहा वर्षें त्यानें ही गोष्ट लपविली होती.

राजाचा हेतु वाईट नव्हता. आपल्या घराण्याची अब्रू जावी असें कोणास वाटेल? भावांच्या बाबतींत उशीर झाला, निदान मुलांच्या बाबतींत तरी तो होऊं नये, असें त्यानें ठरविलें. मुलगे वाढूं लागले तसा त्यानें त्यांच्या अभ्यासाचा तासन्‌तासांचा क्रम आंखून दिला, आणि मोठे होतांच त्यांस दूर पाठविलें. एक तेराव्या वर्षीं आरमारांत गेला, बाकीचे जर्मनींत पाठविले गेले. थोरला जॉर्ज, जो युवराज, तो तेवढा घरीं राहिला. आणि ज्याजवर सर्वांत अधिक धाक, तोच सर्वांत आधीं हातचा गेला. अठरा वर्षांचा होण्यापूर्वींच तो एका नटीच्या नादीं लागला, व १७८१ सालीं त्याचीं पत्रें तिच्याकडून परत मिळविण्यासाठीं बापास ५,००० पौंड मोजावे लागले. मग दारू, जुगार, इमारती व कर्ज यांस धरबंध राहिला नाहीं.

१५ डिसेंबर १७८५ रोजीं युवराजानें लंडनांत मिसेस फिट्झहर्बर्ट नांवाच्या विधवेशीं तिच्या घरींच गुप्तपणें लग्न लाविलें. त्यासाठीं कर्जापायीं तुरुंगांत पडलेल्या एका पाळकाचें कर्ज फेडून त्यास आणावें लागलें. ती बाई रोमन कॅथॉलिक होती, आणि १७०१ च्या कायद्याप्रमाणें कॅथॉलिक स्त्रीशीं लग्न करणाऱ्यास गादी मिळूं शकत नव्हती. उलट १७७२ च्या कायद्याप्रमाणें राजाच्या संमतीवांचून झालेलें हें लग्न लग्नच नव्हतें. म्हणजे ज्या कायद्यानें बापानें अशीं लग्नें बंद करूं पाहिलीं, त्याच कायद्याच्या आडोशास राहून मुलास लग्नही करितां आलें व गादीही राखतां आली. १७८७ सालीं युवराजाचा मित्र फॉक्स यानें पार्लमेंटांत हें लग्न झालेंच नाहीं असें सांगितलें, आणि पार्लमेंटानें युवराजाचें कर्ज फेडण्यास १,६१,००० पौंड दिले. मिसेस फिट्झहर्बर्टच्या मनास त्या दिवशीं काय वाटलें असेल, ह्याची कल्पना आमच्या वाचक भगिनींनीं करावी.

१७८८ च्या हिवाळ्यांत राजास वेड लागलें. तो रात्रंदिवस बोलत सुटे, झोप येत नसे, घरच्या माणसांसही तो अनावर होई. डॉक्टर विलिस नांवाच्या वैद्यकी करणाऱ्या पाळकानें त्यास कधीं समजुतीनें तर कधीं हातपाय जखडून ठेवून वागविलें. ह्या दुखण्याचें कारण रक्तांतील एक आनुवंशिक दोष असावा, असें १९६० नंतरच्या कांहीं डॉक्टरांनीं मांडलें; अलीकडील अभ्यासकांचा कल तो शुद्ध मनाचाच आजार होता असें मानण्याकडे आहे. राजाचा कारभार आपल्या हातीं यावा म्हणून युवराजाची धडपड चालली असतांच फेब्रुवारी १७८९ मध्यें राजा बरा झाला. २३ एप्रिल रोजीं लंडनच्या सेंट पॉलच्या देवळांत मोठी उपकारस्तुति झाली व प्रजेस फार आनंद झाला. परंतु बापलेकांमधील भिंत आतां अधिकच जाड झाली.

पुढें कर्ज ६ लाख पौंडांवर गेलें, तेव्हां तें फिटावें म्हणून युवराज बापाच्या पसंतीचें लग्न करण्यास तयार झाला. ८ एप्रिल १७९५ रोजीं राजाच्या बहिणीची मुलगी, ब्रुन्सविकची कॅरोलाइन, हिच्याशीं त्याचा विवाह झाला. ७ जानेवारी १७९६ रोजीं एक मुलगी झाली, तिचें नांव शार्लट. त्यानंतर थोड्याच दिवसांत नवराबायको कायमचीं विभक्त झालीं. वाचक पाहतील कीं, जें लग्न मनानें झालें होतें तें कायद्यानें खोटें ठरलें, आणि जें कायद्यानें खरें ठरलें तें मनानें कधींच झालें नाहीं.

इतर मुलांचें काय झालें? ऑगस्टस या मुलानें १७९३ सालीं रोम येथें लेडी ऑगस्टा मरे हिच्याशीं लग्न केलें व लंडनांत येऊन चर्चमध्यें पुन्हां लावून घेतलें. १७९४ सालीं कोर्टानें तें रद्द ठरविलें, आणि त्यांच्या मुलास कायद्यानें बापाचा वारसा राहिला नाहीं. विल्यम हा मिसेस जॉर्डन नांवाच्या नटीबरोबर सुमारें वीस वर्षें राहिला; त्यांस दहा मुलें झालीं, पण लग्न नाहीं. फ्रेडरिक हा राजाचा लाडका मुलगा लष्कराचा सेनापति होता. त्यानें ठेवलेल्या एका बाईनें लष्करांतील जागा पैसे घेऊन मिळवून दिल्याचा बोभाटा झाला, आणि १८०९ सालीं पार्लमेंटांत चौकशी होऊन त्यास जागा सोडावी लागली.

मुलींची कथा ह्याहून निराळी, पण आम्हांस ती अधिक दुःखाची वाटते. राजाची मुलींवर फार माया होती, आणि त्या मायेमुळेंच त्यांस दूर देण्याचें त्याच्या जिवावर येई. तो शुद्धीवर असेपर्यंत सहांपैकीं एका मुलीचें मात्र लग्न झालें. बाकीच्या विंडसरच्या वाड्यांत आईजवळ शिवण, वाचन व फिरणें यांत वर्षें मोजीत राहिल्या. सर्वांत धाकटी अमिलिया. १७८२ व १७८३ ह्या लागोपाठच्या सालीं दोन लहान मुलगे वारल्यावर ती जन्मली, म्हणून बापाचा तिच्यावर विशेष जीव. चार्ल्स फिट्झरॉय नांवाच्या राजाच्या एका हुजऱ्या सरदारावर तिचें प्रेम होतें. पंचविसावें वर्ष उलटलें तरी कायद्यानें दिलेल्या सवलतीचा तिला उपयोग झाला नाहीं. बापाच्या प्रकृतीस धक्का बसेल ह्या भीतीनें ती गोष्ट त्याच्यापुढें काढण्याचें धैर्य घरांत कोणास झालें नाहीं. ती क्षयानें झिजत गेली. मरण्यापूर्वीं तिनें आपले केंस घालून एक आंगठी करविली व ती बापाच्या बोटांत घातली. २ नोव्हेंबर १८१० रोजीं, २७ वर्षांची असतां, ती मरण पावली. आपलें जें कांहीं होतें तें तिनें फिट्झरॉयच्या नांवें ठेविलें होतें. त्याच सुमारास राजाची बुद्धि पुन्हां गेली, ती परत आली नाहीं.

फेब्रुवारी १८११ मध्यें युवराजास बापाच्या वतीनें राज्य चालविण्याचा अधिकार मिळाला. राजा पुढें आंधळा झाला, बहिराही झाला. विंडसरच्या वाड्यांतील खोल्यांत पांढऱ्या दाढीचा तो म्हातारा एकटाच बोलत फिरे आणि वाजत्रीवर हँडेलचें संगीत वाजवी. १८१३ सालीं पार्लमेंटानें ईस्ट इंडिया कंपनीस नवी सनद देतांना मिशनऱ्यांस हिंदुस्थानांत येण्याची वाट खुली केली. तो कायदा त्याच्या कारकीर्दींत झाला, पण त्यास त्याची वार्ता नव्हती. १८१८ सालीं पुण्याची पेशवाई बुडाली, तीही त्यास कळली नाहीं. इतकेंच काय, ६ नोव्हेंबर १८१७ रोजीं त्याची नात शार्लट बाळंतपणांत गेली व बाळही मेलेलें जन्मलें, आणि १७ नोव्हेंबर १८१८ रोजीं त्याची राणी वारली, हेंही त्यास समजलें नाहीं.

नातीच्या मृत्यूनें एक गोष्ट उघडी पडली. ज्या राजास पंधरा अपत्यें झालीं, त्यास आतां कायद्यानें वारस होईल असें एकही नातवंड जिवंत नव्हतें. तेव्हां पन्नाशीच्या घरांत आलेले मुलगे घाईघाईनें लग्नें करूं लागले. त्यांपैकीं एडवर्ड, केंटचा ड्यूक, यास २४ मे १८१९ रोजीं मुलगी झाली. तीच पुढें व्हिक्टोरिया राणी. २३ जानेवारी १८२० रोजीं एडवर्ड वारला, आणि सहा दिवसांनीं, २९ जानेवारी रोजीं, ८१ वर्षांचा म्हातारा राजाही सुटला. त्यानें ५९ वर्षांहून अधिक राज्य केलें. त्याच वर्षीं नव्या राजानें आपल्या बायकोवर पार्लमेंटांत व्यभिचाराचा आरोप आणून तिला टाकण्याचा खटाटोप केला, तो साधला नाहीं. पण १८२१ च्या जुलईंत राज्याभिषेकाच्या दिवशीं राणीस देवळाच्या दारावरूनच परत जावें लागलें. तीन आठवड्यांत ती वारली.

राजाचा तो कायदा मात्र त्याच्यामागें फार दिवस जगला. २०१३ सालीं पार्लमेंटानें नवा कायदा करून तो रद्द केला, व हा बदल मार्च २०१५ मध्यें अमलांत आला. आतां गादीच्या जवळच्या पहिल्या सहा वारसांसच राजाची संमति घ्यावी लागते, आणि कॅथॉलिकाशीं लग्न केल्यानें वारसा जात नाहीं.

ह्या सर्वांत दोष कोणाचा? मुलांचा होता, हें आम्ही लपवीत नाहीं. धाकांत वाढलेला प्रत्येक मुलगा बिघडतो असें नाहीं, आणि आपल्या पापाचा बोजा बापाच्या डोक्यावर टाकणें सोपें असतें. तथापि राजाचेंही कांहीं चुकलें. त्याचें स्वतःचें लग्न सुखाचें झालें तें कोणत्याही कायद्यामुळें नव्हे. दोन अनोळखी माणसांनीं रोजच्या रोज एकमेकांचा मान राखिला, म्हणून तें झालें. जें आपल्या हातून प्रीतीनें घडलें तें मुलांच्या हातून हुकुमानें घडेल, असें त्यास वाटलें. हुकुमानें लग्न मोडतां येतें, मन जोडतां येत नाहीं. बंदीनें पाप थांबलें नाहीं, तें दाराआड गेलें. आणि दाराआड काय चाललें आहे हें बापास शेवटीं कळत असे, तेंही परक्यांच्या तोंडून.

आमच्या खेड्यांतील घरांत मुकुट नाहीं व पार्लमेंटही नाहीं, पण बाप आहेत आणि वयांत आलेल्या मुली व मुलगे आहेत. मुलांस वळण लावूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आपल्या मुलीस आपल्यापाशीं येऊन मनांतील गोष्ट सांगण्याचें धैर्य होतें कीं नाहीं, हें प्रत्येक बापानें एकदां स्वतःस विचारून पाहावें. विंडसरच्या त्या आंधळ्या राजाच्या बोटांत मुलीनें दिलेली आंगठी होती. मरणाच्या दारीं तिनें ती दिली. पण जी गोष्ट जन्मभर तिच्या मनांत होती, ती मात्र त्यास सांगितली नाहीं.